वेब कोडिंगची ऑनलाइन चाचणी: आधी तपासणारा कोड तपासा

नोकरीसाठी आलेल्या मुलांची चाचणी घ्यायची म्हणून कुठूनतरी पन्नास बहुपर्यायी प्रश्न उचलून आणू नका. 'ठळक अक्षरांसाठी कोणता टॅग?' या उत्तरावरून कुणाला पान बांधता येतं का, ते कळत नाही.

रोजच्या कामातले तीन तुकडे घ्या: एक मोडलेली मांडणी, एक फॉर्म, एक यादी. गूगल बंद करू नका, कामावरही ते उघडंच असतं.

उत्तरतालिका आजच्या ब्राउझरमध्ये चालवून पाहा. जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला (मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या फंक्शनला) '08' दिलं की शून्य मिळतं, असं जुन्या तालिकांमध्ये सापडतं. काही जुन्या ब्राउझरमध्ये ते खरंही होतं. कारण सुरुवातीच्या शून्यामुळे ते आकडा अष्टमान, म्हणजे आठच्या पायाचा, धरत. पण जावास्क्रिप्टच्या २००९ च्या मानकाने ती पद्धत काढून टाकली. आज उत्तर ८ येतं.

आता खरी अडचण: आपोआप गुण देणारा कोड. इथे मी एका मुलीवर अन्याय केला आहे. प्रश्न होता, पानावरचा डबा (चौकोनी भाग) डाव्या-उजव्या बाजूंच्या मधोमध आणा. माझा कोड सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'फ्लेक्स' या मांडणीच्या एका पद्धतीचा शब्द शोधत होता. तिने ग्रिड ही दुसरी पद्धत वापरली होती, डबा अचूक मध्यात होता, आणि तिला शून्य मिळालं. आठवड्याने तिचा कोड वाचला तेव्हा ते लक्षात आलं. तोवर तिला नकार कळवून झाला होता.

म्हणून शब्द शोधू नका, परिणाम मोजा. पान खऱ्या ब्राउझरमध्ये उघडा, डब्याचा मध्य आणि बाहेरच्या चौकटीचा मध्य यांतलं अंतर काढा, एक पिक्सेलपर्यंतचा फरक चालवून घ्या. हे १२८० आणि ३६० पिक्सेल अशा दोन्ही रुंदींना करा. २०० पिक्सेलच्या डब्याला डावीकडून ५४० चा मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) दिला, तर १२८० च्या चौकटीत तो बरोबर मध्यात बसतो. मोबाइलवर मात्र पडद्याबाहेर जातो. एकाच रुंदीला मोजलंत, तर हा उमेदवार पास होईल.

मग तपासणाऱ्या कोडचीच परीक्षा घ्या. फ्लेक्स, ग्रिड आणि ऑटो मार्जिन (दोन्ही बाजूंची जागा ब्राउझरनेच सारखी वाटणं) ही तिन्ही उत्तरं पास व्हायला हवीत, ५४० वालं नापास. एकही निकाल चुकला, तर चाचणी कुणालाही पाठवू नका.

वेळ ठरवताना स्वतः सोडवा, लागेल त्याच्या तिप्पट द्या.

आणि नकार कळवण्याआधी नापास झालेला प्रत्येक कोड स्वतः वाचा.