प्रसंग आधी, निकाल नंतर: मनासाठी रोजनिशी कशी लिहावी

रोजनिशी लिहायला घेतलेल्या बहुतेकांची वही काही आठवड्यांतच थांबते आणि त्याचे कारण दर वेळी आळस असते असे नाही. लिहून मन हलके होईल या अपेक्षेने माणूस बसतो, पण तोच राग आणि तेच रडगाणे कागदावर उतरते, आणि वही मिटताना जीव आधीपेक्षा जड झालेला असतो. मी या अनुभवातून गेले आहे. वडिलांच्या दीर्घ आजारपणात मी जवळजवळ पाच महिने रोज रात्री लिहीत होते. पुढे कधीतरी ती वही उघडली, तेव्हा "कोणालाच माझी पर्वा नाही" या अर्थाची वाक्ये पानोपानी सापडली. मात्र त्या त्या दिवशी नेमके काय घडले, कोण काय बोलले, माझ्या वाट्याला कोणते काम आले होते, यांतले जवळपास काहीच लिहिलेले नव्हते. रोज मी निकाल तेवढा नोंदवून ठेवत होते. साक्षीपुरावा वहीत आलाच नव्हता. पुढे जी पद्धत मला उपयोगी पडली ती या एका चुकीच्या दुरुस्तीतून तयार झाली आहे.

लिहिण्याचा मनावर होणारा परिणाम हा नुसता समज नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सँड्रा बील यांच्यासोबत केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले होते. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवावर. क्लेशदायक अनुभवावर लिहिणाऱ्यांपैकी ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही मांडल्या, त्यांचे मन लिहून झाल्या झाल्या अधिक खिन्न झाले होते, परंतु पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी आरोग्यकेंद्रात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. याच विषयावरच्या १४६ प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये घेण्यात आला. त्यात परिणाम दिसला, पण तो सरासरीने लहान होता. म्हणून वहीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. पेनेबेकर यांच्या नंतरच्या कामातील एक निरीक्षण मात्र मला फार मोलाचे वाटते: ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "त्यामुळे", "आता लक्षात आले" अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना लिहिण्याचा फायदा अधिक झाला. नुसती वाफ बाहेर काढण्याने जे साधत नाही, ते घटनेची संगती लागण्याने साधते.

वही साधी असावी. तारखा छापलेली डायरी शक्यतो टाळावी. दोन दिवस खंड पडला की कोरी पाने अपराधी वाटायला लावतात आणि तिसऱ्या दिवशी वही उघडवत नाही. शंभर पानांची एकरेघी वही घ्यावी, तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घालावी, आणि लिहिले नाही त्या दिवसाची भरपाई करू नये. रोज लिहिलेच पाहिजे असेही नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा, पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. मोबाइलवर लिहिणेही चालते, फक्त त्या वेळी इंटरनेट बंद ठेवावे.

आपल्याकडच्या घरांत खरी अडचण एकांताची असते. दोन खोल्यांच्या घरात चार माणसे राहत असतील, तर कोणी वाचेल या भीतीने हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताने लिहिलेली रोजनिशी पाहुण्यांसमोर बोलावे तशी गुळमुळीत होते. यावर मला दोन उपाय कामाचे वाटतात. एक म्हणजे माणसांची नावे न लिहिता स्वतःपुरती खूण ठरवणे. दुसरा म्हणजे फारच नाजूक विषय असेल तेव्हा सुट्या कागदावर लिहून नंतर तो बारीक फाडून टाकणे. विचार करण्याचे जे काम लिहिताना व्हायचे ते तोपर्यंत झालेले असते, त्यामुळे कागद राहिला नाही म्हणून ते वाया जात नाही.

आता प्रत्यक्ष लिहिण्याविषयी. पूर्ण दिवसाचा आढावा घेण्याच्या फंदात पडू नये. मनाला टोचलेला एकच प्रसंग निवडावा आणि तो समोर कॅमेरा ठेवल्यासारखा लिहावा. वेळ, जागा, उच्चारलेले शब्द, हातात काय होते, हे सगळे यावे. "वाईट", "नेहमीप्रमाणे", "मुद्दाम" यांसारखे शब्द या टप्प्यावर बाजूला ठेवावेत, कारण त्यांत निकाल आधीच लागलेला असतो. माझ्या वहीतले एक वाक्य आधी असे होते: "दादाला काही देणंघेणं नाही, सगळं मलाच बघावं लागतं." तोच प्रसंग मी नंतर या पद्धतीने पुन्हा लिहिला: "सव्वासातला दादाचा फोन आला. सोडियमचा रिपोर्ट आला का, असं त्यानं विचारलं. म्हटलं, आणायचा राहिलाय. 'अजून आणला नाहीस?' असं म्हणाला. तेव्हा एका हातात औषधांची पिशवी होती आणि कुकरची तिसरी शिट्टी होत होती. शनिवारी येतो म्हणाला. मी काही न बोलता फोन ठेवला." पहिल्या वाक्यापुढे विचार सरकत नव्हता. दुसऱ्या नोंदीत "शनिवारी येतो" हे शब्द आले, आणि ते मी ऐकूनही न ऐकल्यासारखे केले होते हे लिहिताना प्रथमच ध्यानात आले.

प्रसंग उतरवून झाला की शरीराकडे वळावे. घशात आवंढा आला, कान तापले, पोटात खड्डा पडला, हात थरथरले, जे झाले असेल ते एक-दोन ओळींत लिहावे. "मला राग आला" असे म्हणण्यापेक्षा हे नेमके असते, आणि पुष्कळदा राग म्हणून ज्याची नोंद आपण करायला निघालो होतो ती भीती किंवा दमणूक होती, हे शरीराच्या खुणांवरून समजते.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अवघड आहे. त्या क्षणी मनात उमटलेले वाक्य जसेच्या तसे शोधून काढायचे. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडणी केलेल्या पद्धतीचा पाया हाच आहे: घटना आणि तिचा आपल्यावर होणारा परिणाम यांच्या मध्ये आपण त्या घटनेचा लावलेला अर्थ उभा असतो. माझ्या बाबतीत ते वाक्य "दादाला वाटतं, मी बाबांची नीट काळजी घेत नाही" असे निघाले. हे वाक्य दादा बोललेला नव्हता. ते माझे होते. वाक्य सापडले की त्याच्या खाली दोन नोंदी कराव्यात: हे खरे आहे असे दाखवणारे माझ्याजवळ काय आहे, आणि ते तितकेसे खरे नाही असे दाखवणारे काय आहे. दुसरी नोंद करताना मनाची समजूत काढणारी गोड वाक्ये लिहू नयेत. घडलेल्या गोष्टीच लिहाव्यात. एखाद्या वेळी पुरावा पहिल्या बाजूनेच भरभक्कम निघतो, समोरचा माणूस खरोखरच अन्यायाने वागलेला असतो, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे.

शेवटी उद्या करता येईल अशी एक लहान कृती लिहावी. "संयम ठेवायचा" ही कृती नव्हे, तो संकल्प झाला. मी त्या दिवशी लिहिले होते, "लॅबवाल्यांना सांगून रिपोर्ट दादाच्या व्हॉट्सॲपवरही पाठवायला लावणे." दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत ते काम झाले आणि रिपोर्टवरून होणारी आमची धुसफूस तिथेच थांबली. करण्यासारखे काहीच नसेल, तर "यावर आज करण्यासारखे काही नाही" एवढे लिहून थांबावे.

भाषेचा विचार आवर्जून करावा. दिवसभर कार्यालयात इंग्रजी किंवा पुस्तकी मराठी वापरणारी माणसे वहीतही तीच वापरतात आणि अनुभव अहवालासारखा कोरडा होतो. ज्या बोलीत आपल्याला लहानपणी रागावले गेले आणि जवळ घेतले गेले त्या बोलीत लिहावे. मग ती मालवणी असो, वऱ्हाडी असो की अहिराणी. शुद्धलेखनाची चिंता करू नये. तोंडात शिवी येत असेल तर ती लिहावी.

एक धोका ओळखून असावे. तीन-चार दिवस तोच विषय त्याच शब्दांत उतरत असेल, "असे का झाले" हा प्रश्न फिरून फिरून येत असेल आणि नवीन तपशील एकही येत नसेल, तर ते चिंतन राहिलेले नसते. मन रवंथ करत असते. अशा वेळी तो विषय आठवडाभर बंद ठेवावा, किंवा स्वतःला नावाने हाक मारून, दुसऱ्या कोणाला समजावावे तसे "तू" म्हणून लिहावे. एवढ्या अंतराने पाहिले की तोच प्रसंग जरा वेगळा दिसतो. अगदी ताज्या आघातावर, मृत्यूवर, अपघातावर किंवा अत्याचारावर लिहिण्याची घाई करू नये, आणि लिहिता लिहिता धाप लागल्यासारखे किंवा सुन्न वाटू लागले तर पेन खाली ठेवून उठावे. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर वहीवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही उपलब्ध आहे.

जड विषयावरचे लिखाण झोपण्याच्या तोंडावर करू नये. रात्रीची जेवणे होऊन ओटा आवरला की लगेच बसावे, म्हणजे नंतर अर्धा-पाऊण तास मन स्थिरावायला मिळतो. अंथरुणावर पडल्यावर उद्याच्या कामांनी डोळा लागत नसेल, तर त्यासाठी वेगळी चिठ्ठी करावी. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ जणांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली होती. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर, असेही त्यात आढळले. म्हणून "बँकेचे काम" असे न लिहिता "अकराला बँक, बाबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनचे पासबुक सोबत" असे लिहावे.

लिहिलेले लगेच वाचू नये. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळी, वेगळ्या रंगाचे पेन घेऊन मागची पाने वाचावीत आणि "नेहमी", "कधीच", "मलाच", "सगळे" या शब्दांखाली रेघ मारावी. शिवाय प्रत्येक नोंदीची वेळ आणि आदल्या रात्रीची झोप पाहावी. माझ्या एका महिन्याच्या नऊ कडवट नोंदींपैकी सात नोंदी दुपारचे जेवण चारनंतर झालेल्या दिवसांच्या निघाल्या. त्यानंतर मी रुग्णालयात जाताना पिशवीत पोळीभाजीचा डबा ठेवू लागले, आणि तेवढ्याने सात्त्विक वगैरे काही झाले नसले तरी संध्याकाळचे फोन मला शांतपणे घेता येऊ लागले.