प्रीअँपचा कपलिंग कपॅसिटर बदलताय? आधी हे बघा

जुन्या प्रीअँपचा (मुख्य अँपच्या आधी सिग्नल वाढवणारा भाग) व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर लगेच पॉट (व्हॉल्यूमचा फिरता रेझिस्टर) बदलू नका, त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर, म्हणजे डीसी अडवून फक्त ऑडिओ सिग्नल पुढे सोडणारा, लीक झाला की पॉटवर डीसी येतो आणि तीच खरखर ऐकू येते. मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून कपॅसिटरच्या पुढच्या बाजूला मोजा, जवळपास शून्य हवं.

नवीन घेताना व्हॅल्यू पुढच्या स्टेजच्या इनपुट रेझिस्टन्सवरून ठरते. १ मायक्रोफॅरड आणि ४७ किलोओहम असेल तर कटऑफ (ज्याच्या खालचे सूर कमी होत जातात) साधारण ३.४ हर्ट्झ, मस्त. तिथेच ०.१ मायक्रोफॅरड टाकला की ३४ हर्ट्झ, आणि बेस गिटारची जाड तार ४१ हर्ट्झला वाजते म्हणजे ती तिथेच मार खाते.

जागा असेल तर इलेक्ट्रोलायटिकऐवजी फिल्म (प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा) कपॅसिटर टाका, साधा पॉलिप्रॉपिलीन पुरतो, सोनेरी छपाईवाल्या महागड्यांवर पैसे घालवायची खरंच गरज नाही. पॉलिएस्टरही चालतो. पण छोटे एक्स७आर सिरॅमिक सिग्नलच्या वाटेत नकोच, व्होल्टेजबरोबर त्यांची व्हॅल्यू हलते आणि डिस्टॉर्शन येतं.

व्होल्टेज रेटिंग ट्रान्झिस्टरवाल्याला ६३ व्होल्ट बास, व्हॉल्व्हवाल्याला (काचेच्या नळ्यांच्या सेटला) मात्र ६३०चाच घ्या कारण व्हॉल्व्ह तापेपर्यंत त्याच्या प्लेटवर, म्हणजे जिथून कपॅसिटर सिग्नल घेतो त्या टोकावर, पूर्ण सप्लाय व्होल्टेज चढतं. आणि हो, व्हॉल्व्हवाल्यात हात घालायच्या आधी प्लग काढून मेन फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा, बंद सेटमधलाही झटका जीवघेणा असतो.

कपॅसिटरच्या दोन पायांमधलं अंतर मोजून न्या, मोठा फिल्म लांब तारांवर लटकवला की हम (विजेची घरघर) पकडतो.