ऊसतोडीच्या तळावर सेवेला जाताय? या चुका टाळा

दिवाळी झाली, साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडली की आमच्या कृष्णाकाठी बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरायला लागतात. रानात, ओढ्याकडेला, कारखान्याच्या मोकळ्या जागेत त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. मग महिनाभरानं त्यांची सेवा करायला कॉलेजची पोरं येतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास भरायचे असतात, सात दिवसांचं शिबिर असतं, आणि त्या वेळापत्रकात कुणीतरी 'ऊसतोड कामगार वस्ती भेट' असा एक दिवस टाकून ठेवलेला असतो.

या पोरांना तळावर नेणं आणि ती गेल्यावर मागचं निस्तरणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे असतात. पोरं मनानं चांगली असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण चुका दरवर्षी त्याच होतात आणि दरवर्षी नव्या उत्साहानं होतात. म्हणून एकदा लिहून टाकतो.

रविवारी सकाळी अकराला जाणं

ही चुकांची राणी. रविवार तुम्हाला सुट्टीचा, कारखान्याला नाही. तळावरची बाई पहाटे तीनला उठते, अंधारात भाकऱ्या थापते, पाणी भरते आणि उजाडायच्या आत फडात असते. गाडीसेंटरची टोळी असेल तर बैलगाडी भरून कारखान्याच्या वाटेला लागेपर्यंत दुपार होते. ट्रकवर काम असेल तर गाडी येईल तेव्हा भरायची, मग रात्रीचे बारा वाजले असले तरी. अकरा वाजता तळावर तुम्हाला भेटतात त्या दोन म्हाताऱ्या, कडेवर भावंडं घेतलेल्या पोरी आणि कुत्री.

एका कॉलेजनं तपासणी शिबिर ठेवलं होतं. मांडव, बॅनर, टेबलावर पांढरी चादर, तालुक्याहून आणलेले डॉक्टर, सगळं साडेदहाला तयार. मी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं की संध्याकाळी ठेवा. उत्तर आलं, "सर, मुलींना अंधाराच्या आत हॉस्टेलला पोचवायचं असतं." रास्त आहे. मग संध्याकाळी फक्त मुलगे घेऊन या, किंवा जवळच्या शाळेत मुक्काम करा, असं मी म्हटलं. ते जमलं नाही. साडेअकरापर्यंत मांडवात कुणी नाही, डॉक्टर घड्याळ बघायला लागले. तेव्हा शिबिराचा म्होरक्या, धडाडीचा पोरगा, दोघांना घेऊन थेट फडात गेला आणि "मावशी, चला, फुकट तपासणी आहे, पाच मिनिटांत सोडतो" असं सांगून चार बायकांना घेऊन आला. पाच मिनिटांचा दीड तास झाला. रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, बॅनरसमोर फोटो झाला.

संध्याकाळी टोळीच्या मुकादमानं त्या चौघींचा खाडा लावला, म्हणजे गैरहजेरी मांडली. इथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको पाचट सोलून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. ती उठून गेली की त्याचाही हात थांबतो. त्या दिवशी गाडी अर्धीच भरली. खाड्यात मजुरी तर जातेच, वर दंडही लागतो आणि तो उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांच्या, हिशेबात चढतो. फुकटच्या तपासणीला चार घरांनी पैसे मोजले. पुढच्या आठवड्यात मी गेलो तर त्यातली एक बाई तोंड फिरवून चूल फुंकत बसली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

माझी सवय सांगतो. आदल्या दिवशी दोन फोन करायचे. एक मुकादमाला, की उद्या तोड कुठं आहे आणि गाडी कधी लागणार. दुसरा तिथल्या आशाताईंना, कारण मुकादम जे सांगतो त्यातलं खरं किती ते त्यांना ठाऊक असतं. मग दिवस ठरवायचा. बाजाराचा दिवस बरा पडतो, त्या दिवशी खर्ची, म्हणजे घरखर्चाचे पैसे, मिळालेली असते, बायका जरा लवकर परततात. नाहीतर संध्याकाळी सात, सोबत दोन बॅटऱ्या आणि उशीर झाला म्हणून न चिडणारा डॉक्टर. मिळतो असा डॉक्टर, शोधावा लागतो.

मुकादमाला टाळून जाऊ नका, ताप टोळीला होतो. पण सगळं बोलणं त्याच्यासमोरही करू नका. तो शेजारी उभा असला की प्रत्येक कोपीतून एकच उत्तर येतं, "बरं चाललंय सर."

"स्मार्टफोन आहे की यांच्याकडे!"

तळावरून परतताना गाडीत हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. त्याच्या मागोमाग दुसरं, "लग्नावर एवढा खर्च करतातच कशाला?" तिसरं दारूबद्दल असतं.

फोन कशासाठी, तर गाडी कधी लागणार ते मुकादम त्यावर सांगतो, आणि गावाकडे आजीजवळ ठेवलेली पोरं रात्री त्यावर दिसतात. हंगामभर पोरांचं तोंड बघायचं दुसरं साधन नाही. लग्नाच्या खर्चावर बोलायच्या आधी एक हिशेब कागदावर मांडा. मी तो गाडीतच पोरांकडून मांडून घेतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडतो, म्हणजे सातशे-साडेसातशे रुपये, दोघांचे मिळून. उचल एक लाखाची असेल तर ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे जवळपास १३७ दिवस, एकही खाडा न होता. त्यात दर पंधरवड्याची खर्ची वजा व्हायचीच आहे. आणि अलीकडे कितीतरी कारखान्यांचा पट्टा त्याआधीच पडतो, म्हणजे हंगाम संपतो. मग बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि माणूसही तिच्यामागे परत येतो.

हा हिशेब झाला की गाडीत जरा शांतता होते. दारूचा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर पहिल्याच भेटीत द्यायला तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही.

रेशनचा झटपट तोडगा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हुशार पोरंच इथं फसतात. 'एक देश, एक रेशनकार्ड' आल्यापासून बीडचं कार्डधारक कुटुंब सांगली-कोल्हापूरच्या दुकानातही धान्य घेऊ शकतं, ई-पॉस मशीनवर घरातल्या एकाचा अंगठा लागला की झालं. पोरं हे मोबाइलवर वाचतात आणि त्यांना वाटतं, हे आजपर्यंत कुणाला सुचलंच नाही!

असाच एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. तळावरच्या एका गड्याला त्यानं मोटारसायकलवर बसवलं, गावातल्या रेशन दुकानात नेलं, दुकानदाराशी हुज्जत घातली आणि अंगठा लावून घेतला. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, त्यावर सहा माणसं, माणशी पाच किलो. तीस किलो गहू-तांदूळ मोटारसायकलवर बांधून दोघं परत आले. रात्री पोराचं रील आलं, खाली टाळ्यांचा पाऊस.

पण कार्डावरच्या सहांपैकी तिघंच तळावर होती. गड्याची आई आणि दोन पोरं गावाकडे होती. म्हातारी चार दिवसांनी आपल्या गावच्या दुकानात गेली, दुकानदारानं मशीन दाखवून सांगितलं की तुमचं या महिन्याचं धान्य कुठंतरी उचललंय. तिला आधी वाटलं दुकानदारच खोटं बोलतोय, त्याच्याशी भांडली. मग लेकाला फोन. लेकानं मुकादमाकडून पैसे घेऊन गावाला पाठवले, म्हणजे बाकी आणखी वाढली. आणि तळावरच्या कोपीत तीस किलो धान्य ठेवायला डबा नव्हता, अवकाळीच्या एका सरीत पोतं खालून भिजलं.

योजना चांगली आहे, वापरायचीच. पण अंगठा लावायच्या आधी गावाला फोन. तिथं कोण आहे, त्यांनी या महिन्याचं घेतलंय का, हे विचारायचं. मग इथं आहेत त्यांच्याच वाटणीचं उचलायचं आणि उरलेलं कार्डावर तसंच ठेवायचं, ते गावी घेता येतं. अर्धवट उचलीला दुकानदार कटकट करेल, तुम्ही शांतपणे उभं राहायचं. कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी झालीय का तेही तपासून घ्या, नसेल तर नाव गळायची भीती असते. या कामाचं रील होत नाही, दुकानासमोर तासभर ताटकळावं लागतं आणि सर्व्हर बंद असेल तर दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. मला विचाराल तर सात दिवसांच्या शिबिरात एवढं एक काम दहा घरांसाठी नीट केलं तरी पुष्कळ झालं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

कोपीत बसून रडू नका. एक मुलगी रडायला लागली तेव्हा तव्यावरची भाकरी तशीच सोडून त्या बाईला उठावं लागलं. "म्याडम, नका रडू, च्या घ्या," म्हणत तीच हिची पाठ थोपटत बसली. भाकरी करपली ती करपलीच. रडू आलं तर ओढ्याकडे जरा फिरून या.

चहा दिला तर प्या. "नको नको, तुम्हाला कशाला त्रास" म्हणणं त्यांना लागतं.

तळावरच्या लहान पोरांचे फोटो काढू नका, आणि काढलेच तर चेहरा दाखवून समाजमाध्यमांवर टाकू नका. आईनं हो म्हटलं तरी नाही. साहेबासारख्या दिसणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सवय तिला कुणी लावलेली नाही.

जुने कपडे वाटायचे असतील तर आधी स्वतः धुऊन, इस्त्री करून बघा. कमरेला चेन तुटलेली जीन्स घालून ऊस तोडता येत नाही. आणि ढिगातून उचला म्हणू नका. माणसं एकमेकांसमोर लाजतात, मग रात्री त्यावरून भांडतात.

सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन 'पिशवी काढली का' हे विचारू नका. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या टीमला हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारायचा असतो, तोही पोरग्यांच्या देखत. त्या बाईनं हे उत्तर आतापर्यंत किती जणांना दिलं असेल आणि तिला त्यातून काय मिळालं असेल, याचा विचार करा. फॉर्म घरी ठेवा.

रोख पैसे देऊ नका. दिलेच तर पुढच्या वेळी सगळा तळ तुमच्याकडे का बघतोय म्हणून आश्चर्य करू नका.

"आम्ही परत येऊ" असं म्हणू नका. तारीख ठरली असेल तर तारीख सांगा, नाहीतर गप्प निघा.

पोरीला उचलून शाळेत बसवणं

शेवटची चूक, आणि हिच्यामागचा हेतू सगळ्यात चांगला असतो म्हणून जास्त जपून. नऊ वर्षांची पोर कडेवर तान्हं घेऊन फिरताना दिसली की स्वयंसेवक पेटतात. कायदा त्यांच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार जवळच्या जिल्हा परिषद शाळेला तिला वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. गुरुजीही बहुतेक वेळा तयार असतात. पोरीला नवा गणवेश मिळतो, ती तीन दिवस शाळेत जाते, चौथ्या दिवशी परत कोपीसमोर.

कारण तान्हं कुठं ठेवायचं हे कुणी विचारलेलंच नसतं. फडात बांधावर ठेवलं तर उन्हाची, सापाची, मागे येणाऱ्या ट्रॅक्टरची भीती. आई पोरीला घरी ठेवते ती यासाठी. तेव्हा उलटीकडून सुरुवात करा. आधी तान्ह्याची सोय. तळाजवळच्या अंगणवाडीत जा, सेविकेला या पोरांची नावं घ्यायला सांगा, गरोदर बायकांचा आणि लहानग्यांचा आहारही तिथून मिळतो. अंगणवाडी दुपारी सुटते, पुढच्या दोन-तीन तासांसाठी तळावरची एखादी म्हातारी पोरं सांभाळायला तयार होते का बघा. तिला त्याचे पैसे द्यायची सोय करा, वर्गणी काढायचीच असेल तर यासाठी काढा. हे जमलं की पोरीला शाळेत न्या. घाई असलेल्यांना ही वाट लांबची वाटते. वाटू दे.

आणि हजेरीचं काम पट्टा पडायच्या आधी पुरं करा. इथल्या शाळेत ती किती दिवस बसली, लस कुठली झाली, याचे कागद तिच्या आईच्या हातात द्या. पण तळ उठतो तो एका रात्रीत, भांडी, कोंबड्या, पोरं सगळं एका ट्रॅक्टरवर चढतं आणि कागद कुठल्या बोचक्यात गेला ते कुणाला सांगता येत नाही. म्हणून कागदांचे फोटो काढा, आईच्या फोनवर टाका, आणि गावाकडच्या शाळेतल्या गुरुजींचा नंबर आधीच घेऊन ठेवला असेल तर त्यांनाही त्याच दिवशी पाठवा.