बडोद्यात अक्षरकाम शिकताना: हिंद आणि हिंद वडोदरा

बडोद्यातलं अक्षरकाम बहुतेक वेळा तीन लिप्यांचं असतं. दांडिया बाजारातल्या घरची मुंज असली तरी पत्रिकेत मजकूर मराठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी गुजराती आणि हॉलचा पत्ता इंग्रजीत. दवाखान्याच्या पाटीचंही तेच. म्हणून फाइन आर्ट्समधून नुकतं बाहेर पडलेलं कुणी विचारायला आलं, की मी सांगते, फॉन्ट गोळा करत बसू नका. फॉन्टचं एक साधं, बिनसेरिफ (अक्षरांच्या टोकांना बारीक शेपट्या नसलेलं) कुटुंब आतून-बाहेरून ओळखा. माझी निवड हिंद.

हा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट. मानुषी पारीख यांनी आखलेला हिंद २०१४ साली आला. त्याच्या गुजराती भावंडाचं नाव हिंद वडोदरा. (आपल्या गावाचं नाव फॉन्टच्या यादीत दिसलं की मला अजूनही छान वाटतं.) लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या. मुळात बटणं, मेन्यू अशा स्क्रीनवरच्या मजकुरासाठी बनलेला, त्यामुळे रेघेची जाडी जवळजवळ एकसारखी आणि टोकं सपाट. बोरूची जाड-बारीक लय नाही, पण हाताचं वळण टिकलंय. शिरोरेघ रोमन कॅपिटलच्या माथ्यापेक्षा किंचित खाली बसते, आणि मला तरी सगळी खुबी त्या किंचितमध्ये दिसते. सलग शिरोरेघेमुळे मराठी ओळ मुळातच भरीव दिसते. उंचीही तेवढीच दिली तर शेजारचं इंग्रजी दबतं. गुजरातीला शिरोरेघच नाही, म्हणून ती ओळ मोकळी वाटते. तिन्ही ओळी एका कागदावर लावा, भिंतीला चिकटवा, लांबून डोळे किलकिले करून पाहा. एखादी काळी पडत असेल तर आकाराला हात लावण्याआधी वजन एक पायरी बदला.

मग जोडाक्षरं. बोल्डमध्ये, लहान आकारात ‘राष्ट्र’, ‘शुद्ध’, ‘लक्ष्मी’ छापून अक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, बुजतात का बघा. ‘सूर्या’ आणि ‘सुऱ्या’ शेजारी ठेवा, रफार आणि अर्धा ऱ वेगळे दिसतात का पाहा. मराठी वळणाचे ल आणि श काही फॉन्टांत आत दडलेले असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की ते वर येतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय चालू करायला विसरू नका, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातून बदलून घेतलेला मजकूर तर शब्दन् शब्द वाचायलाच हवा.

परवाना खुला आहे, व्यावसायिक कामाला पैसे पडत नाहीत.

हिंद सगळीकडे चालतो असं मात्र नाही. पत्रिकेवरचं मुलाचं नाव मी हातानेच काढते. तिथे तो कोरडा वाटतो. पत्ता, वेळ, सूचना यांना तो शोभतो.

मुलाखतीला जाताना पोर्टफोलिओत एकच पाटी तिन्ही लिप्यांत ठेवा, तिचंच मोबाइलवरचं रूपही, आणि कुठल्या ओळीचं वजन का बदललं ते खाली दोन ओळींत लिहा.