तबल्याचा रियाज: या चुका टाळा

पंचवटीतल्या माझ्या वर्गात दर जूनला नवी मुलं येतात आणि दिवाळीपर्यंत त्यांतली बरीचशी एकाच जागी अडकतात. डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं वाद्य, जिथे गप्प बसायला हवा तिथे बंद होत नाही.

तीनताल १६ मात्रांचा (मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका), खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा, नवव्या मात्रेवर, हे सगळ्यांना पाठ असतं. पण नवव्या मात्रेवर दोन्ही हातांचा 'धा'च वाजतो. डग्गा गप्प होतो दहाव्या मात्रेला आणि बोलतो थेट चौदाव्या 'धिं'वर. 'तिं तिं ता ता' एवढ्या चार मात्रा डावा हात आवरायचा. लय वाढवली की नेमका तोच आवरत नाही.

नववीतला एक मुलगा आठवतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने 'धाधातिट धाधातूना' हा कायदा (ठरावीक बोलांची, विस्तार करत वाजवायची रचना) चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, बसवला होता. घरचे खूश. मी ठायीत, म्हणजे संथ लयीत, ऐकव म्हटलं की उत्तर यायचं, "सर, ते येतं मला." परीक्षेत पहिलीच फर्माईश झाली: लेहऱ्यावर (पेटीवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर) तीनतालाचा ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, ठाय लयीत. तिसऱ्याच आवर्तनाला, म्हणजे तालाच्या तिसऱ्या फेरीला, तो समेच्या (पहिल्या मात्रेच्या) आधी पोहोचला. दोन मात्रांमधली मोकळी जागा त्याला धरवेना. पुढे कायद्यात डग्ग्याविना वाजायच्या 'तातातिट'च्या जागीही 'धाधातिट'च ऐकू आलं. बाहेर येऊन पोरगं रडलं. त्याला तेव्हा परीक्षेला बसू द्यायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

मग दोन महिने त्याला एकच काम दिलं. लय ६०, म्हणजे सेकंदाला एक मात्रा. आधी हाताने टाळी-खाली दाखवत पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे. तोंडात बोल अडखळला तर तबल्याला हात लावायचा नाही. नंतर शेजारी दोन वाट्या, एकीत २० चिंचोके. आवर्तन स्वच्छ झालं की एक चिंचोका पलीकडे, डग्गा चुकला की सगळे परत. न चुकता केलं तर साधारण सव्वापाच मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी त्याला पाऊण तास लागला. मी स्वतः रोज सकाळी असाच बसतो. याहून जवळची वाट मला माहीत नाही, आणि कुणी दाखवलीच तर माझा तिच्यावर विश्वास बसणार नाही.

रविवारी तीन तास बसून आठवडाभराची भरपाई होत नाही. रोज अर्धा तास बसा.

कायदा वाजवताना चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून वाजवू नका. अडला तेवढाच तुकडा घ्या. नाहीतर सुरुवात गुळगुळीत होते आणि तिहाई (शेवटी तीनदा वाजवायचा तुकडा) कायम कच्ची राहते.

गणपतीच्या आधी मुलं ढोल पथकात जातात. जरूर जा, नाशिकचा ढोल आपलं वैभव आहे. पण टिपरू धरून पंजा आवळला जातो, आणि तोच हात तबल्यावर पडला की 'ना' फुटतो. विसर्जनानंतर आठवडाभर फक्त ठेका वाजवा, तोही हळू.

पावसाळ्यात पुडी (तबल्यावरचं चामडं) सैल पडून स्वर उतरतो. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) वरून ठोकलं की तो चढतो, खालून ठोकलं की उतरतो, एवढं ऐकून मुलं घरी हातोडी घेतात, एकाच बाजूला ठोकत बसतात आणि एखादा घाव शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) बसतो. पहिलं वर्षभर हातोडीला हात लावू नका. तबला वर्गात घेऊन या, मी लावून देतो.