अमेरिकेतल्या फार्मसी रेसिडेन्सीचा अर्ज, नागपुरात बसून

पोट्टेहो, रेसिडेन्सी म्हणजे फार्मासिस्टचं पदवीनंतरचं प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण. आधी कागद पाहा. आपली भारतातली फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) पदवी तिथे थेट चालत नाही. एनएबीपी या तिथल्या फार्मसी मंडळांच्या संघटनेचं एफपीजीईसी प्रमाणपत्र (परदेशी पदवीधरांसाठीचं) लागतं, म्हणजे एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा आणि वर इंग्रजीची परीक्षा. त्यात भरपूर वेळ जातो. फोर्कास या रेसिडेन्सीच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, मॅच (म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीक्रमावरून जागा ठरणं) वगैरे नंतर.

खरा घाम उद्देशपत्रात. सीताबर्डीवर माझ्याकडे ज्युनिअर मसुदे घेऊन येतात, आणि पहिली ओळ बहुतेकांची तीच: ‘लहानपणापासून रुग्णसेवेची आवड.’ खोडा ती. वॉर्डातला एक रुग्ण घ्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली पातळी) चढलेलं, व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू. तुम्ही कोणता डोस सुचवला, का, डॉक्टरांनी ऐकलं का? नसेल ऐकलं तरी लिहा. रुग्णाचं नाव-गाव मात्र गाळा. प्रत्येक प्रोग्रामला पत्र वेगळं.

शिफारशी साधारण तीन. मोठ्या खुर्चीतल्या सरांपेक्षा, ज्यांनी तुम्हाला राउंडवर पाहिलंय त्या मॅडमना विचारा, तेही दिवाळीआधी. बऱ्याच ठिकाणी मुदत जानेवारीच्या सुरुवातीलाच संपते.

मुलाखत ऑनलाइन असेल तर शिकागोचे सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. लग्नसराई असते, गल्लीत बँड नाही ना तेवढं बघा. आणि व्हिसा स्पॉन्सर करता का, हे फी भरण्याआधीच ईमेलने विचारा. पुष्कळ प्रोग्राम करत नाहीत.