अपुऱ्या उजेडात घरातल्या कुत्र्याचे छायाचित्र

मुंबईतल्या बहुतेक घरांत उजेड एकाच बाजूने येतो, आणि खिडकीबाहेरची ग्रिल, तिच्यावर वाळत घातलेले कपडे व पावसाळ्यातली ताडपत्री यांमुळे तोही निम्मा होतो. म्हणून कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी कपडे बाजूला सारावेत आणि कुत्र्याची चटई खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणावी. खिडकी त्याच्या पाठीशी नव्हे, तर एका बाजूला असावी, म्हणजे डोळ्यांत उजेडाचा ठिपका उमटतो; तो ठिपका नसेल, तर चेहरा निर्जीव दिसतो. ढगाळ दुपारचा मऊ उजेड यासाठी मला उन्हापेक्षाही अधिक आवडतो.

घरातली ट्यूब बंद ठेवावी. तिचा आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की केसांचा रंग बिघडतो. रात्री दिव्यांवाचून इलाजच नसेल, तर शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवावे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतात आणि वेगवान शटरमध्ये चित्रावर आडवे पट्टे उमटतात.

पहुडलेल्या कुत्र्याला १/१०० पुरते. मान सतत हलवणाऱ्याला १/२०० तरी हवे. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० पर्यंत नेण्यास कचरू नये, कारण त्याने चित्रात येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा मात्र दुरुस्त होत नाही. एफ/१.८ ची लेन्स (हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) उजेड भरपूर घेते, परंतु लांब नाकाचा कुत्रा समोरून जवळ असेल, तर नाक स्पष्ट आणि डोळे धूसर येतात. अशा वेळी एफ/२.८ वर यावे किंवा चेहरा थोडा बाजूने टिपावा. फोनचा नाइट मोड अनेक चौकटी एकत्र जोडतो, त्यामुळे हलणाऱ्या कुत्र्यासाठी तो बंदच ठेवावा.

फ्लॅश वापरू नये. कुत्र्याच्या डोळ्यातील पडद्यामागचा परावर्तक थर त्याने हिरवा-पिवळा चमकतो, आणि प्राणी दचकतो ते वेगळेच.

आमची कुत्री काळी आहे. काळा रंग चौकटभर असला की कॅमेरा चित्र उगाच उजळ करतो आणि तिचे काळेभोर केस राखाडी दिसतात. कॅमेऱ्यातले एक्स्पोजर, म्हणजे चित्राच्या उजळपणाची सेटिंग, उणे एकवर नेले की रंग खरा येतो, शिवाय शटरही वेगवान ठेवता येते. पांढऱ्या कुत्र्यासाठी याच्या उलट, म्हणजे अधिक एक करावे लागते; त्यासाठी उजेड जास्त लागतो, आणि म्हणूनच त्याला खिडकीच्या आणखी जवळ बसवावे.